लॉगिन तुटलंय, जोडून द्या!

आमच्या ऑफिसात दारामागे एक पत्र्याचा डबा आहे. पावसाळ्यात लोक त्यात छत्री ठेवतात आणि विसरून जातात. न्यायला कोणी परत येत नाही. दिवाळीपर्यंत डबा भरतो. किस्स्यांचं तसंच असतं. लोक येतात, भांडतात, रडतात, चहा पिऊन निघून जातात आणि किस्सा मागे राहतो. मी म्हातारा माणूस दाराशीच बसलेला, म्हणून सगळे माझ्याच डब्यात पडतात. कोणाची काडी मोडलेली, कोणाचं कापड फाटलेलं. पण फेकवत नाहीत!

आधी ऑफिस सांगतो. शहापूरच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. व्यापाऱ्यांचा हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर विकायचं आणि ते अडलं की दुरुस्त करायचं, हा धंदा. मी शटर उघडतो, झाडू मारतो, चहा आणतो. शाळा चौथीपर्यंत. नाव बारकू, आता सगळे बारकूकाका म्हणतात. मालक केदारसाहेब कल्याणहून येतात. रोहन त्यांचा भाचा. आणि वैशाली ही डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरची पोर, बी.कॉम. झालेली. दुरुस्तीचं सगळं काम तिच्याकडे. बाहेरगावी मुलगी एकटी कशी पाठवायची, म्हणून साहेबांनी सोबतीला मला दिलं. ती स्कूटी चालवायची, मी मागे बॅग पोटाशी धरून बसायचो.

बहुतेक तक्रारी एकाच जातीच्या. हिशेबात शिरायचं तर काँप्युटरवर आपलं नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो. ते जुळलं नाही की मालकालासुद्धा दार बंद. आमच्या भागात त्याला 'लॉगिन तुटलं' म्हणतात. पाण्याचा पाइप तुटावा तसं. फोन यायचा, "लॉगिन तुटलंय, जरा जोडून द्या!" की निघाली वैशाली.

आणि शहापूर-मुरबाडची तुटलेली लॉगिनं जोडत फिरणाऱ्या या पोरीला स्वतःचं लॉगिन नव्हतं!

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठ्या कंपनीची आमच्यासारख्यांसाठी एक साइट आहे. दुरुस्ती झाली की तिच्यावर नोंद करायची. ज्याच्या लॉगिनने नोंद, त्याच्या नावावर काम. आमच्या ऑफिसात लॉगिन एकच, रोहनचं. वैशाली उन्हातान्हात जाऊन काम करून यायची आणि गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर मेसेज पडायचा, 'आपली तक्रार रोहन यांनी सोडवली आहे. धन्यवाद.' स्वतःच्या नावावर वर्षभर काम दिसलं, तर कंपनी सर्टिफिकेट देते. ते मिळालं की वैशाली मुरबाडला स्वतःचं ऑफिस टाकणार होती. गाळासुद्धा बघून ठेवलेला. त्याच्यासमोरून जाताना स्कूटी आपोआप हळू व्हायची.

"काका, बोर्ड इथं वर लावायचा. आन् तुमची खुर्ची दारात."

साहेबांकडे लॉगिन मागितलं की ते म्हणायचे, "करू की गं! घाई काय आहे?"

*

पहिला किस्सा शहापुरातलाच. किराणा मालाचे एक होलसेलवाले शेट. वय झालेलं, दुकान मुलगा बघतो. एक दिवस शेट स्वतः जिना चढून आले. दम लागलेला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "माझ्या दुकानात चोर शिरलाय!"

मी पाणी दिलं. वैशालीने विचारलं, "कोण चोर, शेट?"

शेटनी खिशातून बिलं काढली. प्रत्येक बिलाच्या खाली, बनवणाऱ्याचं नाव असतं तिथे, बोट ठेवलं. "हा बघा. आडमीन! रोज याचंच नाव. मी याला कामावर ठेवला नाय, याचं थोबाड बघितलं नाय. मी सकाळी जातो तर हा आधीच आलेला. मी जेवायला घरी जातो तर हा बसलेलाच! मी मुलाला इचारतो तर मुलगा हसतो."

वैशाली हसली नाही. खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "शेट, आडमीन म्हणजे कोण माणूस नाय. आडमीन म्हणजे मालक. म्हणजे तुमीच."

"मीच?"

"हो."

शेट खूश झाले. बिलं पुन्हा एकदा पाहिली, दुमडली, खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "मग पोरी, मला पासवर्ड काय ते सांग. मी आत जाऊन बघतो."

वैशालीने मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "बाबांना काही देऊ नका. पासवर्ड मी मुद्दाम बदललाय."

फोन ठेवला. शेट आमच्या तोंडाकडे बघत होते. मग उठले, कठड्याला धरून जिना उतरू लागले. अर्ध्यात थांबून वर पाहिलं.

"मालक मी. मग आडमीन आत नि मी भायेर कसा?"

*

सरळगावच्या पुढे एक राइस मिल आहे. तिथे पुष्पाताई नावाची बाई बरीच वर्षं काँप्युटरवर बसायची. ती नोकरी सोडून लेकीकडे राहायला गेली आणि मिलचं लॉगिन तुटलं. दारात ट्रक भरून उभे, बिल निघेना. आम्ही गेलो. वैशालीने पुष्पाताईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"ताई, पासवर्ड काय?"

"काय नाय."

पासवर्ड नाही म्हणजे जागा मोकळी. वैशालीने काही न लिहिता एंटर मारलं. चूक! पुन्हा मारलं. पुन्हा चूक! आणखी एकदा मारलं तर काँप्युटर रुसला. आता थोड्या वेळाने या म्हणाला. आम्ही थांबलो.

"ताई, नीट आठवा ना. काहीतरी असेल."

"अगो, काय नाय!"

मिलवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "बघा. जाता जाता खोडी करून गेली!"

"ताई, मग तुमी रोज आत कशा जायचात?"

"काय नाय टाकून!"

"मी पण तेच टाकतेय."

"काय टाकतेस?"

"काय नाय!"

"मग उघडायला पायजे!"

"नाय उघडत!"

पुष्पाताई कडाडल्या, "गधडे, के, ए, वाय! एन, ए, वाय! इंग्रजीत लिव!"

वैशालीने 'काय नाय' इंग्रजी अक्षरांत लिहिलं आणि दार उघडलं! सगळे हसले. पाठीवर पोती घेतलेले हमालसुद्धा पोती टेकवून हसले. वैशालीने डोळे पुसत विचारलं, "ताई, असला कसला ओ पासवर्ड?"

मग पुष्पाताई म्हणाल्या, "मालक रोज इचारायचं, 'पुष्पा, काय बोलायचंय का?' मी म्हणायची, काय नाय. दिवसभर तोंडात तेच. मग तेच ठेवलं."

मिलवाला ट्रक बघायला बाहेर गेला.

तो परत आल्यावर वैशाली म्हणाली, "शेट, नवीन माणूस येईल त्याच्या नावाचं लॉगिन बनवून देते."

"कशाला? पुष्पा लिहिलंय ते राहू दे. चालतंय ना!"

ऑफिसात येऊन वैशाली हा किस्सा साहेबांना सांगायला गेली. साहेब मोबाइल बघत होते. "काम झालं ना? मग झालं. किस्से काकांना सांग."

मला काय सांगायचे, मी तर तिथेच होतो! तरी तिने परत सांगितला आणि मी परत हसलो. तेवढ्यात मिलवाल्याला मेसेज गेला, रोहन यांनी तक्रार सोडवली म्हणून.

*

मुरबाडला दोघा भावांचं हार्डवेअरचं दुकान आहे. बाप गेला आणि दोघांचं फाटलं. थोरला पासवर्ड बदलायचा, धाकट्याचं लॉगिन तुटायचं. धाकटा आम्हाला बोलावून जोडून घ्यायचा आणि लगेच पासवर्ड बदलायचा, थोरल्याचं तुटायचं. आमच्या फेऱ्या चालू. एकाच काउंटरला दोघं पाठीला पाठ लावून बसलेले. "याला सांगा", "त्याला सांगा" असं आमच्यातर्फे बोलायचे.

एक दिवस त्यांची आई आतून बाहेर आली. म्हणाली, "दोघांना बी नको देव, गो बाय. माझ्या नावचा बनव."

पोरांना वाटलं आई थट्टा करते. पण वैशालीने खरंच बनवलं. म्हातारीला फक्त आकडे ओळखता येत होते, म्हणून पासवर्ड आकड्यांचा. तिने तो एका बोटाने टाकायचा, मग काम सुरू. पुढच्या वेळी गेलो तर म्हातारी काउंटरवर खुर्ची टाकून बसलेली. पोरं एकेक करून यायची. "आई, उघड." ती आधी विचारायची, "जेवलास का?" आणि मगच बोट लावायची.

आम्हाला चहा देताना ती वैशालीच्या कानात म्हणाली, "त्यांचे बाबा गेल्यापासनं पहिल्यांदा दोघं रोज माझ्याशी बोलतात."

येताना वैशाली गाण्यातलं काहीतरी गुणगुणत होती.

मग काही दिवसांनी ते दोघे भाऊ ऑफिसात आले. एकाच मोटारसायकलवरून, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. मला इतका आनंद झाला की चहाबरोबर बिस्किटं ठेवली. म्हटलं, मिटलं वाटतं!

थोरला म्हणाला, "मॅडम, आईचं लॉगिन काढून टाका. टाइम लय जातो."

धाकटा म्हणाला, "हो. आमचं दोघांचं एकमत आहे!"

*

ओटीपीचा एक आहे. शहापूरचा एक कॉन्ट्रॅक्टर. पासवर्ड विसरला. नवा बनवायचा तर कंपनी मोबाइलवर एक आकडा पाठवते, तो ओटीपी. त्याने कधीतरी नंबर बायकोचा देऊन ठेवलेला. बायको भांडून कसाऱ्याला माहेरी गेलेली.

वैशाली म्हणाली, "वहिनींना फोन करून आकडा विचारा."

"ती माझा फोन घेत नाय."

त्याने मेसेज टाकला. उत्तर आलं, 'घ्यायला या. मग सांगते.'

वैशालीने त्याला बजावून सांगितलं, "दादा, ओटीपी थोडा वेळच टिकतो. तुमी तिथं पोचा, मला फोन करा, मग मी इथून पाठवते." पण घाईत कोण ऐकतो? त्याने वाटेतच मोबाइलवरून स्वतः ओटीपीचं बटण दाबलं आणि गाडी घाटाकडे पळवली. दारात पोचून धापा टाकत म्हणाला, "आकडा सांग!" तिने वाचून दाखवला. तोवर शिळा झालेला.

"ओटीपी गेला गो," हा म्हणाला.

ती म्हणाली, "ओटीपीसाठी आला होतात होय!" आणि दार लावून घेतलं.

हे सगळं दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितलं. सांगताना हसत होता. हसून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, दुसरा नंबर टाका."

"कोणाचा टाकू?"

त्याने मोबाइल काढला आणि नावं वर-खाली करत बसला. बराच वेळ बसला. चहा निवला. मी दुसरा आणला.

*

वैशालीच्या स्वतःच्या गावाकडे, डोळखांबला, एक खत-बियाण्याचं दुकान आहे. तिथून फोन आला तेव्हा तिने नवा ड्रेस घातला. गावाजवळ आपण मॅडम म्हणून जाणार!

दुकानदाराने तिला निरखून पाहिलं. "तू वरच्या पाड्यावरची ना गो? सोम्याची पोर?"

"हो काका."

"मोठी झालीस! बरं, सायब कवा येनार?"

"मीच आलेय दुरुस्तीला."

"हा हा. पन सायब कवा येनार?"

तिने बॅग उघडली, तर त्याने काँप्युटरवर हात आडवा धरला. "नको नको, पोरी, महागाची वस्तू हाय. सायबाला येव दे." मग त्याची नजर माझ्यावर पडली. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा. तो सदरा साहेबांचाच जुना. त्याने लगेच खुर्ची पुसली. "बसा सायेब! आदी सांगायचं ना!"

मी वैशालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बसा, साहेब."

बसलो. ती मागे उभी राहून माझ्या खांद्यावरून हात घालून बटणं दाबत होती. मी पडद्याकडे बघून मान डोलवत होतो. मला चहा आला, वेफर आले, टेबलफॅन माझ्याकडे वळवला. तिला एका पोत्यावर बसायला सांगितलं. लॉगिन जुळलं तसा दुकानदार मला हात जोडून म्हणाला, "म्हनून तर मानूस पायजे!" आणि तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर मेसेज वाजला. त्याने वाचला. "रोहनसायब तुमीच का?"

परत येताना वैशालीने मागे वळून विचारलं, "काका, आज तुमी साहेब. रोहनदादा इंजिनियर. मग मी कोण?"

मी म्हटलं, "ड्रायव्हर!"

ती किन्हवली फाट्यापर्यंत हसली. फाट्यानंतर शहापूरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला मग वाटलं, दुसरं काहीतरी बोलायला पाहिजे होतं.

*

मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मधुकरभाऊ नावाचे अकाउंटंट होते. आम्ही गेलो की ते आपल्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे ठेवायचे. म्हणायचे, "काका, नाचणीची आहे, दात लागत नाय."

एका संध्याकाळी त्या कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. मधुकरचं लॉगिन बंद करा, आजच. वैशालीने इथूनच बंद केलं. अशा वेळी कारण विचारायचं नसतं.

सकाळी मी झाडू मारतोय, वैशाली नुकतीच आलेली, तर फोन वाजला. मधुकरभाऊ. वैशालीला दिला.

"ताई, माझं लॉगिन तुटलंय. जरा जोडून द्या ना!"

वैशालीने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! माणूस नेहमीसारखा डबा घेऊन कामावर आला होता.

ती म्हणाली, "भाऊ, तुमी... तुमी एकदा मॅनेजरसाहेबांना विचारता का?"

"ते केबिनमध्ये आहेत. तेवढ्यासाठी त्यांना कशाला तरास? तुमीच करा ना, ताई. तुमच्या हातचं काम आहे."

"भाऊ, एकदा विचारा."

"बरं. पण लवकर करा हां. मी बसलोय."

दुपारी पुन्हा फोन आला. तोवर त्यांना कळलं होतं. रागावतील वाटलं. ते म्हणाले, "ताई, सकाळी उगाच तुम्हाला घाई केली."

*

आता वैशालीचं लॉगिन झालं तो किस्सा.

आवणीचे दिवस होते. भात लावायला घरी माणूस कमी, म्हणून वैशाली रजा घेऊन पाड्यावर गेलेली. एका कोंबडी-खाद्यवाल्याचा फोन आला. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव काढून टाका म्हणून. रोहनने खुर्चीत बसूनच इथून त्याचा काँप्युटर उघडला. एका हातात मोबाइल, मॅच चाललेली. पडद्यावर काहीतरी विचारलं, नक्की काढू का? रोहनने न बघता हो म्हटलं. मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या मागेच उभा होतो. तो एकदम "अरे!" म्हणून उभाच राहिला.

माणसाचं नाव काढायचं होतं, त्याने आख्ख्या दुकानाचा हिशेब काढून टाकला!

परत येईल म्हणून खूप खटपट केली. आला नाही. खाद्यवाल्याने मोठ्या कंपनीकडे तक्रार केली. चौकशीला माणूस येणार असं कळलं. असं काही झालं की ज्याच्या नावावर नोंद, त्याचं लॉगिन कायमचं बंद होतं.

आवणी आटपून वैशाली परत आली. हात चिखलाने खाल्लेले. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"काका! झालं माझं लॉगिन! माझ्या नावाचं! बघा!"

मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. इंग्रजीत होतं. मी म्हटलं, "तुझं नाव कुठं ते दाखव." तिने बोट ठेवलं. मी त्या अक्षरांना हात लावून बघितला.

तिने पेढे आणले. पहिला मला, दुसरा साहेबांना. साहेबांनी खाल्ला. रोहनने खाल्ला नाही, म्हणाला गोड बंद केलंय. दोन दिवस ती ज्याला भेटेल त्याला सांगत होती. आईला फोन करून म्हणाली, "आता वर्षभर. मग मुरबाड!"

तिसऱ्या दिवशी चौकशीचा माणूस ठाण्याहून आला. लॅपटॉप उघडला, म्हणाला, "खाद्याच्या दुकानाचं काम वैशाली कोण, त्यांनी केलंय."

मोठ्या कंपनीच्या साइटवर जुनी नोंद नव्या नावावर चढवता येते. हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

वैशाली म्हणाली, "सर, मी नाही केलं. मी गावी होते."

"मग तुमचं लॉगिन दुसऱ्या कोणी वापरलं असेल. पासवर्ड कोणाला दिला होता का?"

साऱ्या तालुक्याला 'पासवर्ड कोणाला देऊ नका' म्हणून सांगणारी पोर ती. ताठ उभी राहून म्हणाली, "नाही सर. माझा पासवर्ड मी कोणालाही दिलेला नाही."

"मग विषयच संपला," तो माणूस म्हणाला.

मी ट्रे खाली ठेवला. मी सहसा बोलत नाही. पण म्हटलं, "साहेब, तिचं लॉगिन परवा झालं. हिशेब गेला आवणीत. काम रोहनने केलं. मी मागे उभा होतो."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग केदारसाहेबांकडे. साहेब हसले. प्रेमानेच हसले.

"काका आमचे फार जुने आहेत. वय झालंय आता. काका, चहा आणता का जरा?"

वैशालीचं लॉगिन बंद झालं. उरलेल्या पेढ्यांचा बॉक्स तिने माझ्या टेबलावर ठेवला, स्कूटीची चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरली. मुरबाडच्या त्या गाळ्यात आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे.

ती आता त्या सरळगावच्या राइस मिलमध्ये काँप्युटरवर बसते. एकदा जाऊन भेटून आलो. तिने खुर्ची दिली, बिल काढून दाखवलं. खाली बनवणाऱ्याचं नाव अजून 'पुष्पा'च आहे.

*

शेवटचा किस्सा गेल्या महिन्यातला.

आमच्या ऑफिसचा स्वतःचाही हिशेब त्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. नेहमी चालू असायचा, म्हणून पासवर्ड कोणाला लागलाच नव्हता. लाइट गेली, इन्व्हर्टरही संपला, काँप्युटर बंद पडला, परत चालू केला तर नाव आणि पासवर्ड मागायला लागला. ते वैशालीने बनवलेलं. रोहनने काय काय टाकून बघितलं. आमचंच लॉगिन तुटलेलं! त्यात साहेबांचा सीए येऊन बसलेला, तारीख संपत आलेली.

मोठ्या कंपनीला फोन करायची सोय नव्हती. खाद्यवाल्याच्या प्रकरणापासून तिकडे आमचं नाव निघालं की नको नको ते प्रश्न यायचे. शेवटी साहेबांनी वैशालीला फोन लावला. स्पीकरवर ठेवला.

"वैशाली, कशी आहेस गं? मजेत ना?"

"बोला, साहेब."

"अगं, आपल्या ऑफिसच्या हिशेबाचा पासवर्ड काय ठेवलायस?"

मागे मिलचा घरघर आवाज येत होता.

"काय नाय, साहेब," ती म्हणाली.

"काही नाही? नक्की?"

"नक्की. काय नाय."

"थँक्यू हां!" साहेबांनी फोन ठेवला आणि रोहनला म्हणाले, "बघ, पासवर्डच नाहीये. नुसतं एंटर मार."

रोहनने एंटर मारलं. चूक. पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. काँप्युटर रुसला. सगळे थांबले. सीएने घड्याळ बघितलं. थोड्या वेळाने साहेब स्वतः खुर्चीत बसले आणि हळू दाबून बघितलं, जोरात दाबून बघितलं.

मी चहा घेऊन गेलो. साहेबांच्या कपाळावर घाम होता. म्हणाले, "काका, तुम्ही इथेच होतात ना? तुम्ही ऐकलंत ना तिनं काय सांगितलं?"

"ऐकलं, साहेब."

"काय म्हणाली?"

मी कप त्यांच्या हाताशी ठेवला, कपाचा कान त्यांच्याकडे वळवला.

"नीट आठवून सांगा, काका. काय म्हणाली?"

"काय नाय," मी म्हटलं.